रुखमाची आई, कोसमटोला

गडचिरोली
१२ नोव्हेंबर २०२४

बाई,

जोहार. मिथुनभाऊजींना जय भीम. संघप्रियाला माझ्याकडून एक गालगुच्चा, ती नको म्हणाली तरी.

मी बरा आहे. खोलीवरचा स्वयंपाक अजून तसाच, वरण पातळ अन् भात चिकट. गावाकडं धानकापणी सुरू आहे. वाघ फिरून राह्यला म्हणून बाया टोळीनं जातात, टोळीनं येतात, अन् माय सगळ्यांच्या पुढं. गुडघे दुखतात, पण ते ती कुणाला सांगणार? तुला माहीत आहे तिचं.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी 'माय' एवढं म्हटलं की तुझ्याकडं लगेच कुकरची शिट्टी होते, नाहीतर दारात कुणीतरी येतं. दर खेपी! इतके पाहुणे तर आमदाराच्या घरी येत नसतील. पत्र मधेच ठेवता येत नाही. म्हणजे तू ठेवशील, पण मग भाकरी थापताना तुझं तुलाच चैन पडणार नाही.

आणि एक सांगून ठेवतो. दिवसभर ऑफिसात शुद्ध लिहून हात तसाच वळतो. चिडलो की घरची बोली येते. दोन्ही सांभाळून घे.

मागं तू विचारलं होतंस, ग्रंथालयात तू नेमकं करतोस काय, पुस्तकं देतोस ना? नाही बाई, पुस्तकं देणारा दुसरा आहे. माझ्याकडं कार्डं आहेत. जुन्या लाकडी खणांतली, पुस्तकांची अन् कॅसेटींची. ती आधी कॉम्प्युटरवर घेतली. आता त्यांचा 'लिंक्ड ओपन डेटा' करायचा आहे. नाव ऐकून घाबरू नको. आपण परक्या गावी गेलो की म्हातारे काय करतात? आधी आडनाव विचारतात, मग कुळाचे देव किती ते विचारतात, आणि चहा येईपर्यंत आपण कुणाचे तरी भाचे नाहीतर साळे झालेले असतो. माझं काम तेच आहे. कार्डावर नुसतं लिहिलेलं असतं, हे गाणं, ही गायिका, हे गाव. एक कार्ड दुसऱ्या कार्डाला ओळखत नाही. आम्ही प्रत्येक माणसाला, गाण्याला, गावाला इंटरनेटवर कायमचा पत्ता देतो आणि कोण कुणाचं काय लागतं ते लिहून जोडतो. मग ते खुलं करतो. कुणीही, कोणत्याही देशातून, न विचारता घ्यावं. पण एकदा लोकांनी घेतलं की ते परत बोलावता येत नाही. चूक गेली तर चूकच जगभर फिरते. आमच्या प्रमुख नूतन मॅडम म्हणतात, मार्चअखेर सगळं बाहेर गेलंच पाहिजे. मॅडम नागपूरच्या. मनानं चांगल्या, पण मागून आल्या की धडकी भरते.

तर या कामात आपलं गाव आलं.

ते टेपवाले गुरुजी आठवतात तुला? मोह पडायच्या दिवसांत यायचे, गळ्यात टेप अडकवून, आणि म्हाताऱ्यांना विडी देऊन गाणी काढून घ्यायचे. त्यांच्या सगळ्या कॅसेटी आमच्याकडं आहेत. कार्डंही त्यांच्याच हातची, अक्षर मोत्यासारखं. पण या भल्या माणसानं बायांची नावंच विचारली नाहीत. गावात जी हाक मारतात तीच लिहिली. कोलूची आई. झिंगूची आई. ह्याची आई, त्याची आई. सगळं कोसमटोला गाऊन राह्यलं अन् नाव एकीचंही नाही.

'कोलूची आई' हिला पत्ता कसा द्यायचा? म्हणून दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत मी विषय ठेवला की गाणाऱ्या बायांनी आपापली नावं सांगावी, ती लावू का ते सांगावं. सभेचा नियम तुझ्यासमोरच ठरलेला. हात वर करून मोजणी नाही. सगळे हो म्हणतील तेव्हाच हो, एकानं नाही म्हटलं की अख्खा विषय पुढच्या सभेत. आणि एखाद्या माणसाची गोष्ट असली तर ते माणूस स्वतः समोर बसलं पाहिजे. चिठ्ठी चालत नाही, फोन चालत नाही.

अगं, काय मजा आली! कोलूची आई उठली, पदर सावरला, म्हणाली, "थांब, आठवू दे." सगळे हसले. मग म्हणाली, "अन्नपूर्णा." तिचा नवरा विडी विझवून म्हणतो, "हे कवापासून?" ती म्हणाली, "तुह्या घरी यायच्या आधीपासून." सभा लोळली. झिंगूची आई तर नाव सांगून तोंड झाकून बसली, जशी नवी नवरी. पत्रूकाका सभेचे म्हातारे, ते प्रत्येकीला गंभीर तोंडानं विचारत होते, "लावू काय? जगात जाईन." आणि बाया म्हणत होत्या, "जाऊ दे, आम्ही तं कुठी गेलो नाई, नाव तरी जाईन."

मग मायची पाळी आली.

मायची दोन कार्डं आहेत. आधीच्या कॅसेटींवर तुझ्या नावानं, 'रुखमाची आई, कोसमटोला'. नंतरच्या एका कॅसेटीवर माझ्या नावानं, 'सुनिलची आई, कोसमटोला'. गुरुजींची चूक नाही, त्यांनी ऐकलं तसं लिहिलं. कॉम्प्युटर विचारतो, या दोघी एकच का? हो, नाही. बस, तेवढंच मला सभेतून पाहिजे होतं.

सुनिलची आई मी, असं माय म्हणाली. तुझ्या नावाच्या कार्डाला नाही म्हणाली.

तिनं आणखी एक वाक्य म्हटलं, ते राहू दे. विषय पुढच्या सभेत गेला. मायच्या एका नाहीवर सगळ्या बायांची नावं अडून बसली.

बाई, तू एकदा तिला फोन कर. कार्डाबिर्डाचं काही बोलू नको. नुसतं विचार, गुडघे कसे आहेत.

तुझा
सुनिल


गडचिरोली
१८ डिसेंबर २०२४

बाई,

तुझा मेसेज मिळाला. एवढं मोठं पत्र लिहिलं मी, आणि उत्तर काय? "मले त्यात ओढू नको." पुढं जोहार नाही, मागं नाव नाही. वीजबिलाच्या मेसेजमध्ये याच्यापेक्षा जास्त माया असते.

घरी सगळे ठीक असतील. असोत. माझा पारा चढलेला आहे, तेव्हा आज गोड काही निघणार नाही.

तुले ओढू नको म्हणतेस. अवं, मी ओढणारा कोण? तू गेल्या अकरा वर्षांपासून आमच्या अंगणात बसून आहेस. चूल पेटली की तू आहेस, दिवाळीला करंज्या तळताना तू आहेस, कारण माय नेमकं तुझं नाव घेत नाही. जे नाव घ्यायचं टाळायचं असतं ते घरात किती जागा खाते, तुला नागभीडला बसून काय कळणार?

तुला बहुतेक माहीत नसेल, म्हणून सांगतो. तू ब्रह्मपुरीला कोर्टात लग्न केलंस ते आम्हाला तिसऱ्या माणसाकडून कळलं. त्यानंतर विहिरीवर कुणी "रुखमाची आई" म्हणून हाक मारली की माय वळायचीच नाही. बहिरी झाल्यासारखी पाणी ओढत राहायची. बाया दोनदा, तीनदा हाका मारायच्या, मग गप्प व्हायच्या. हळूहळू लोकांनी "सुनिलची आई" सुरू केलं आणि तिनं ओ दिली. गावात थोरल्या लेकराचंच नाव आईला लागतं, मी तर धाकटा. तुझा वापरलेला सदरा मला चढवला तसं झालं ते. पहिल्यांदा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग कुणी "सुनिलची आई" म्हटलं की मला तुझीच आठवण यायला लागली. असा मी अडकलो.

गावानं तर तुला कधीच सोडून दिलं. आपल्याकडं पोरगी पळून गेली म्हणून कुणी जन्मभर तोंड फिरवतं का? पत्रूकाका अजून विचारतात, रेल्वेवाला जावई कसा आहे. मिथुनभाऊजींच्या समाजाचं तर कुणी नावही काढलं नाही. अडलं ते फक्त मायचं. आणि तू एकदा आलीस, तेही फाट्यापर्यंत. पोट्टीला कडेवर घेऊन उभी राहिलीस आणि निरोप धाडला, मायनं यावं. माय आली नाही. तू पुढची गाडी पकडून परत गेलीस. मी तेव्हा शेतात होतो, धावत आलो तर नुसती धूळ. एक जण फाट्यावरून पुढं येईना, एक जण घरातून बाहेर येईना. तुम्ही दोघी एकाच मातीच्या आहात, अन् मले उगाच वाटते का मी तुमच्यापेक्षा शहाणा आहे.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो. लिहू नये असं वाटत होतं. पण 'ओढू नको' म्हणणारीला ते माहीत असलं पाहिजे.

पत्रूकाकांनी सभेत मायला समजावलं. म्हणाले, "धुरपता, ते गाणं तूच तं गायली. आम्ही समोर बसून व्हतो." माय म्हणाली, "गायली असन. ते बाई मेली."

अन्नपूर्णाबाईंच्या हातातली सुपारी तशीच राहिली. मी समोर लॅपटॉप उघडून बसलो होतो आणि त्यावर प्रश्न उघडा होता, दोघी एकच का.

परवा दुसरी सभा झाली. माय पुन्हा नाही म्हणाली, या खेपी नुसती मान हलवून. आता बाया तिच्यावर चिडल्या आहेत. अन्नपूर्णाबाई आपल्या अंगणात येऊन भांडल्या. म्हणाल्या, "जिंदगीत पहिल्यांदा माह्यं नाव कुठीतरी लागून राह्यलं, अन् तू आडवी पडली? तुह्या अन् तुह्या लेकीच्या भांडणात माह्यं नाव काऊन कुजवतेस?" माय तांदूळ निवडत राहिली. अन्नपूर्णाबाई गेल्यावर मला म्हणाली, "खरं बोलली ते. पण मी काय करू?" हा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं काय करावं ते.

नूतन मॅडमना हे सगळं विचित्र वाटतं. म्हणाल्या, "सुनिल, ती तुझी आई आहे. दोन्ही कार्डं तिचीच आहेत हे तुला माहीत आहे. 'हो' दाब आणि मोकळा हो." त्यांचं चुकत नाही. मी बोट ठेवलंही होतं. एका क्षणाचं काम. पण मायनं सगळ्या गावासमोर नाही म्हटलेलं, आणि मी तिच्या पाठीमागं जगाला हो सांगायचं? मग माझ्यात अन् टेपवाल्या गुरुजींत फरक काय? त्यांनी निदान ऐकलं ते लिहिलं.

आणि 'नाही' दाबलं तर? तर जगात दोन बाया होतील, कायमच्या. एक रुखमाची आई, जी गायची आणि एका साली अचानक संपली. दुसरी सुनिलची आई, जिनं एकदाच गायलं. कुणीतरी लांबचा माणूस वाचेल आणि म्हणेल, या गावात दोघी होत्या, एक वारली असेल. माझ्या हातून माझ्या जित्या मायला मारायचं? मला नाही जमत. मी उठतो, बसतो, पाणी पितो, पुन्हा ते पान उघडतो, बंद करतो. मॅडम म्हणाल्या, कोसमटोला वगळून बाकीचं पाठवू. म्हणजे गावातल्या एकाही बाईचं नाव जाणार नाही.

माझं डोकं फिरून राह्यलं बाई. तू काहीतरी कर. काय ते मला माहीत नाही. पण "ओढू नको" हे पुन्हा लिहू नको.

सुनिल


कोसमटोला
१७ फेब्रुवारी २०२५

बाई,

जोहार.

हे पत्र घरून लिहितोय, आपल्या अंगणातून. माय आत भाजी चिरतेय आणि तिला माहीत आहे मी कुणाला लिहितोय. मी सांगितलं नाही. पण आज तिनं मला कामाला लावलं नाही, यावरून समज.

मागचं पत्र रागात लिहिलं. लिहिलेलं खरंच होतं, म्हणून माफी मागत नाही. पण तू त्यावर उत्तर दिलंस, "माय खरंच असं म्हणाली का?" एवढंच विचारलंस आणि मग दोन दिवस फोन बंद ठेवलास. भाऊजींनी सांगितलं की तू जेवली नाहीस. मला बरं वाटलं नाही.

आता ऐक. बरंच काही झालंय, क्रमानं सांगतो, नाहीतर माझीच गडबड होईल.

मॅडमची परवानगी घेऊन मी 'रुखमाची आई' लिहिलेल्या एका कॅसेटीची कॉपी घरी आणली. मायचं मन वळवायला नाही, देवाशपथ. कामाचाच भाग होता. कार्डावर गाण्याचा पहिला बोल लिहिलेला नव्हता, तो ऐकून भरायचा होता. दुपारी अंगणात बसलो आणि लावली. मला वाटलं माय उठून आत जाईल. ती गेली नाही. चारोळ्या फोडत बसली, माझ्याकडं पाठ करून.

रेल्याचं गाणं. पहिला आवाज मायचा, उंच. मग जवाब आला, आणि जवाब देणारी तू होतीस. मला आठवणच नव्हती! पातळ आवाज, शाळेतल्या पोरीचा. माय एक ओळ टाकते, तू उचलतेस. माय टाकते, तू उचलतेस. मी मान खाली घालून बसलो, कारण माझे डोळे भरले आणि मला तिला ते दाखवायचं नव्हतं.

आणि माय काय म्हणाली असेल? रडली असेल, असं तुला वाटेल. छे! म्हणाली, "इथी चुकली ते. हे कडवं मागून येते. तवाही सांगतलं व्हतं मी तिले." मग थोड्या वेळानं, "मी इतका वरचा सूर काऊन धरला? पोरीले झेपत नाई, दिसत नाई काय?" अशी ती चिडचिड करत होती, कॅसेटीवर, स्वतःवर, तुझ्यावर. चारोळ्यांवरचा हात मात्र थांबलेला.

गाणं संपल्यावर म्हणाली, "दुसरी कोण ते लिहिलं काय तुह्या त्या कार्डावर?"

मी कार्ड वाचलं. 'रुखमाची आई व इतर.'

"इतर म्हणजे कोण?"

"इतर म्हणजे बाकीचे, माय."

"बाकीचे कोण? ते एकटीच तं व्हती. जवाब देणाऱ्याबिगर रेला होते काय? एकटी बाई काय भिंतीशी गाते?" आणि मग जोरात, शेजारी ऐकू जाईल इतक्या जोरात, "हे चुकीचं हाय. असं चुकीचं जगात पाठवता काय तुम्ही शिकलेले लोक?"

मी म्हटलं, चूक सभेत सांग. नाहीतर दुरुस्त होत नाही.

काल सभा झाली. वडाखाली सगळे जमले होते, बाया जरा फुगूनच बसल्या होत्या. पत्रूकाकांनी विषय काढला. माय स्वतःहून उभी राहिली, गुडघ्यावर हात टेकून. म्हणाली, "पहिल्या कार्डावरची बाई मीच व्हती. लिहा." अन्नपूर्णाबाईंनी "हुश्श" केलं. पण माय बसली नाही. "पण ते गाणं एकटीचं नाई. दुसरीचं नाव लावल्याबिगर माह्यं हो नाई."

पत्रूकाका म्हातारे आहेत, पण कच्चे नाहीत. अख्ख्या सभेला नाव ठाऊक होतं. तरी ते तोंड गंभीर करून म्हणाले, "दुसरीचं नाव काय? सभेत सांगा लागते."

माय जमिनीकडं पाहत राहिली. मला वाटलं आता खाली बसते, संपलं.

"रुखमा," माय म्हणाली.

बाई, अकरा वर्षांनी. एवढंसं नाव. मी लॅपटॉप मिटला, कारण मला पडद्यावरचं काही दिसेना.

पत्रूकाका म्हणाले, "ते तं समोर नाई. मंग कसं?"

"मंग थांबा."

"कुठलोक?"

"ते येयेलोक," माय म्हणाली आणि बसली.

तू येईपर्यंत थांबा असं ती म्हणतेय, हे आधी कुणाला कळलंच नाही. मग अन्नपूर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवं, एवढंच व्हतं तं आधी सांगाचं नाई काय? आमाले काऊन सुकवत ठेवली?" आणि त्या हसायला लागल्या, मग झिंगूची आई, मग सगळ्या. माय हसली नाही. पण पदर तोंडाला लावून बसली होती, आणि पदराआड काय होतं ते मला माहीत नाही.

तर आता असं आहे. सभेचा नियम तुला माहीत आहे. कोसमटोल्याच्या सगळ्या बायांची नावं तुझ्या एका 'हो'वर अडली आहेत. पुढची सभा मार्कंड्याची जत्रा झाल्यावरच्या रविवारी, दोन मार्चला. त्यानंतर मोह पडायला लागला की सगळे वेचायला जातात, सभेला कुणी येत नाही, आणि मार्चअखेर आमचा डेटा जातो. मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी कॅलेंडरवर दोन मार्चला खूण केली. मग म्हणाल्या, "बहिणीला सांग, मी थांबते." आणि मला चहा पाजला, स्वतःच्या पैशानं, हे विशेष.

सकाळच्या गाडीनं आरमोरीला उतर. तिथून कुरखेड्याच्या गाडीत बस. मी फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभा असेन. भाऊजींना सुट्टी मिळाली तर तिघं या. नाही मिळाली तर तू अन् पोट्टी या.

आणि हे कामासाठी नाही, बाई. दोन पत्रं मी कार्डं, कॅसेटी, मॅडम, सभा असं करत राहिलो, कारण सरळ लिहायला लाज वाटत होती. मले तू घरी पाहिजेस. डेटा गेला काय अन् राहिला काय. मी एकटा तिचं मौन सांभाळून थकलो आहे. मला पुन्हा धाकटा भाऊ व्हायचं आहे, ज्याला कुणी काही विचारत नाही.

तुला वाटत असेल, माय पुन्हा दारातून फिरवील. मलाही वाटत होतं. म्हणून आत्ता, हे लिहिता लिहिता, मी आत जाऊन सरळ विचारलं. इतकी वर्षं कशाचा राग धरलास? तिनं मिथुनभाऊजींशी लग्न केलं म्हणून? मला वाटलं, विळी फेकून मारते. ती भाजी चिरत राहिली आणि म्हणाली, "पोरगा चांगला हाय. मले ठाऊक हाय ते."

"मंग?"

"या गावातल्या एकूणएक पोरीच्या लगनात मी गायली. पार झिंगूच्या पोरीच्या लगनालोक. माह्या पोरीचं लगन झालं अन् मले गाणं म्हणू देलं नाई. कोर्टात. तिथी गाणं म्हणतात काय कोणी?" मग विळी बाजूला ठेवली. "तिच्या लगनाचं गाणं मी कवाचं जोडून ठेवलं व्हतं. ते अजून माह्यापाशीच हाय. कोणाले देऊ मी ते?"

मी पुन्हा अंगणात येऊन लिहायला बसलो.

आता ती मागं उभी राहून मला लिहायला सांगतेय, तसंच लिहितो. "तिले लिही, आपल्यात लगन मागून लावता येते. लेकरं झाल्यावरही लावतात, काही बिघडत नाई. दोघांले हळद लावू, मांडव टाकू, पाहुणे बोलवू. पोरीले मांडीवर घेऊन बसली तरी चालते." मी म्हटलं, माय, भाऊजींचा धर्म वेगळा आहे, त्यांना आधी विचारायला पाहिजे. तर म्हणते, "त्याची वंदना त्याले म्हणू दे. मी काय अडवते त्याले? मी माह्यं गाणं म्हणीन."

भाऊजींना विचार. त्यांना पटलं नाही तर हळद राहू दे, नुसतं गाणं होईल. पण गाणं ऐकल्याशिवाय ती तुला परत जाऊ देणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आणखी एक. माय म्हणते, या गाण्यात पोरीनं जवाब द्यायचा नसतो, गप बसून ऐकायचं असतं. तेवढं तुला जमेल का, ते तू बघ.

तुझ्या लग्नात नवरीचा भाऊ म्हणून ज्याला अजून उभं राहायचं आहे, तो
सुनिल